डेअरीच्या भिंतीवरची पाठमोरी मानसं

शब्बीर, तुझा श्रद्धांजलीचा फ्लेक्स मी काढला. माझ्या हातानं, विळ्यानं दोऱ्या कापून. लोकं म्हनत्यात म्हातारीला काही कळत न्हाई, मेलेल्या मानसाचा बोर्ड असा वरबाडून काढत्यात व्हय. दुसऱ्या कुनी तुझ्या कानावर घालायच्या आधी मीच सांगते. तुला राग येनार न्हाई, ठावं हाय मला. माझा मातर अजून गेला न्हाई. आन् आसला राग मी आजवर सांगत आले ते तुलाच.

मला सहीपुरतं लिवता येतं. मी बोलते आन् माझी सून, सुमन, लिवती. कंपनीतनं आली, हातपाय धुतलं, बसली. मधी मधी ती थांबती. मी थांबत न्हाई.

तुझा चाळीसावा अजून व्हायचाय. दौंडला लेकीच्या, नजमाच्या घरी तू डोळं मिटलंस, त्याचा सांगावा आला तवा मी शेंगा फोडत व्हते. तशीच उठले. चौफुल्याला गाडी बदलून दौंडला पोचूस्तवर तुला नेलं व्हतं. तसंबी माती द्यायला बाया जात न्हाईत, तुमच्यात न्हाई आन् आमच्यातबी न्हाई. तुझ्या लेकीशेजारी सतरंजीवर बसले. ती म्हनली, आक्का, अब्बा शेवटाला छातीत पानी झालं तरी बोटं हालवत व्हते, भिंतीवर रेघ मारल्यागत. मी तिच्या हातावर हात ठिवला. मला रडाया लवकर येत न्हाई, तुला म्हाईत हाय. तू म्हनायचास, आक्का, तुझं डोळं म्हंजी उन्हाळ्यातली घोडनदी.

घरी आले तर डेअरीच्या भिंतीवर तू लटकल्याला.

कोट घातला व्हता तुला. निळा कोट आन् टाय. जन्मभर तुझ्या अंगावर रंगाचं डाग पडल्याला एकच पांढरा सदरा बघितला आमी. त्या फोटोवाल्यानं तुझं आधारकार्डावरचं मुंडकं कापून कुनाच्या तरी कोटावर बसिवलं. वर भाऊ पुढाऱ्याचं तोंड, दाराएवढं. तुझं परातीएवढं. आन् खाली भाऊच्या मागं फिरनाऱ्यांची तोंडं, गोवऱ्या थापल्यागत ओळीनं. तुझ्या नावाखाली काय लिवलंय म्हनून सुमनला इचारलं. ती म्हनली, आमचे मार्गदर्शक.

मार्गदर्शक. ज्या भाऊनं ग्रामसभेत उठून म्हनलं व्हतं, ह्यो पेंटर गावाची बदनामी करतोय, ह्याला आवरा, त्याचा तू मार्गदर्शक. रस्त्याखालनं बोगदा देतो म्हनून आमची मतं घिऊन गेला आन् परत परत गेला, त्यो तुझ्या मयताचं दुःख करतोय, आन् दुःख करताना हात जोडून हासतोय.

एवढं असतं तरी मी गिळलं असतं. लई गिळलंय. पर भिंत त्यांनी कुठली धरली, ते बघ.

रस्ता मोठा झाला तवा गावाचं दोन तुकडं झालं. घरं अल्याड, वावरं पल्याड. शाळा पल्याड, मसनवटाबी पल्याड. आमच्या हितं मढ्यालासुदिक रस्ता वलांडावा लागतो. खालनं बोगदा काढा म्हनून समद्यांनी हातपाय जोडलं. सरकारी लोकं मोजून गेलं, चुन्याच्या खुना करून गेलं, खुना पुसून गेल्या. तवर शिक्रापूरकडच्या कंपन्या वाढल्या आन् गाडीला गाडी लागली.

माझा ल्योक बिरा त्या रस्त्यावर गेला. आमी पूर्वी मेंढरं घिऊन मुलूख फिरनारी मानसं. आता घर झालं, वावर झालं, तरी बिरानं थोडी मेंढरं ठिवली व्हती, त्याला त्यांच्याबिगर करमत नसं. सकाळच्या पारी मेंढरं पल्याड नेली. समदी गेली. एक कोकरू मागं राह्यलं म्हनून माघारी फिरला. मेंढरं पल्याड उभी, हाकनाऱ्याची वाट बघत. मी पोचले तवाबी तशीच उभी व्हती. ह्यापरीस जास्त मी आजवर कुनाला सांगितलं न्हाई, तुलाबी न्हाई. तू इचारलंबी न्हाईस.

तू आलास ते रंगाचं डबं घिऊन. त्या टायमाला तुझ्या हाताला काम न्हवतं. दुकानाच्या पाट्या, ट्रकची फाळकी, विलेक्शनच्या भिंती, समदं तुझं व्हतं, ते फ्लेक्सनं खाल्लं. माझ्या वट्यावर भाकरी न् खर्डा खाताना म्हनलास, "आक्का, डेअरी बंद पडलीया. तिची आडवी भिंत नगरकडनं येनाऱ्या गाड्यांच्या सामने येती. बिराला तिथं काढू का?"

मी म्हनलं, "काढ."

दुसऱ्या दिशी बघाया गेले. भिंतीवर बिरा उभा, खराखुरा, त्याच्या उंचीचा. घोंगडी खांद्यावर, काठी मानेवर आडवी, दोन्ही हात काठीवर टाकल्यालं. डावा पाय जरा भायेर टाकून चालायचा, ते सुदिक आलं व्हतं. सदऱ्याच्या कॉलरला सुमननं दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्यानं टाका घातला व्हता, त्यो टाका बी. पर पाठमोरा.

"तोंड कुठं हाय?" मी म्हनलं.

"तिकडं हाय आक्का. पुढं."

"मला दिसत न्हाई."

"ड्रायव्हरलाबी दिसत न्हाई. जन्मभर म्या ट्रकच्या पाठी रंगवल्या. ड्रायव्हरला पुढच्याची पाठच दिसती. पाठ दिसली की त्याचा पाय ब्रेकवर जातो."

"मला त्याचं तोंड पायजे, शब्बीर."

"तोंड काढलं तर लोकं हार घालतील आन् पुढं जातील. पाठ बघितली की कोन हाय ते बघाया थांबतील."

मी डोक्यावरला पदर वढला आन् घरी आले. सुमनला म्हनलं, ह्या मुसलमानाला पोटच्या पोराचं तोंड म्हंजी काय कळायचं. दुसऱ्या दिवसापासनं कंपनीच्या बसची वाट ती डेअरीपाशी बघाया लागली. बस थांबायची ती ओढ्याच्या पुलाच्या कडंला. ही डेअरीपाशी उभी ऱ्हायची आन् बस आली की पळायची. तिला त्यो टाका दिसत व्हता. तिला तोंडाची गरज न्हवती. मला व्हती. आमच्या दोघींचं ह्यावर कवा बोलनं झालं न्हाई, आज लिवताना झालं तेवढंच.

मग ज्यांची ज्यांची मानसं त्या रस्त्यावर गेली व्हती ती तुझ्या दारात याया लागली. आमच्या शाळेत खिचडी शिजवनारी कौसाबाई, तिचा अंबाडा न् हातातली पिशवी. सायकलवाला नाना, सायकल हातात धरून चालल्याला. आन् त्यो कंपनीतला परप्रांती पोरगा, ज्याचं नाव गावात कुनाला ठावं न्हवतं. पाठीवर सॅक, पायात कंपनीचं बूट. त्यालाबी काढलास.

"ह्यो कुनाचा?" मी इचारलं.

"कुनाचा न्हाई म्हनून तर काढला."

चहाच्या टपरीवर आमच्या भावकीतला दत्ता, भाऊच्या गाडीत बसून फिरतो त्यो, समद्यांपुढं म्हनला, "ह्यांच्यात तोंड काढत न्हाईत म्हनून पाठी काढतोय." तू बशीत चहा वतत म्हनलास, "दत्ता, गेल्या टायमाला तुझ्या भाऊचं तोंड सगळ्या तालुक्यात कोनी काढलं? म्याच ना? नाकबी सरळ करून दिलं. तवा न्हाई आठवलं?" टपरीवाला हासताना त्याच्या हातातली गाळनी पडली.

आन् गाड्या थांबाया लागल्या, शब्बीर. हे तू केलंस. वळनावर आली की गाडीला वाटायचं, मानसं कडंनं चालल्यात. स्पीड कमी. काहीजन तर भिंतीला हॉर्न मारायचं. तू मला म्हनायचास, "बघ आक्का, बिराला साइड मागतोय." मला त्याचं हासू यायचं, आन् मग मी तिथनं निघायचे. एक सरदार ड्रायव्हर खाली उतरला, भिंतीला हात लावून बघितलं. तुला इचारलं, "चाचा, ये लोग किधर जा रहे हैं?"

तू म्हनलास, "रोड क्रॉस कर रहे हैं. कब से कर रहे हैं."

त्यो माघारी जाऊन गाडीत बसला, पर गाडी लई वेळ चालू केली न्हाई.

भाऊला हेच खुपलं. येनारा-जानारा इचारायचा, ही मानसं कोन, बोगदा का न्हाई. मग पंचायतीनं भिंतीला चुना मारला. सुशोभीकरन म्हनं. मानसं मेली तवा कुनी आलं न्हाई, मानसं भिंतीवर दिसली तवा चुन्याच्या गोनी आल्या. तू काय भांडला न्हाईस. वट्यावर बसून म्हनलास, "खाली ऑइल पेंट हाय आक्का, चुना धरायचा न्हाई. बघ तू." उन्हानं पापुद्रं सुटलं. आधी बिराची काठी दिसली, मग कौसाबाईचा अंबाडा, मग समदी आली. गावातली लोकं बघाया जायची, आज कोन आलं म्हनून. तवा मला पहिल्यांदा तुझा अभिमान वाटला. तुला सांगितलं न्हाई. तुला म्हनलं, "आतातरी त्याचं तोंड काढ." तू म्हनलास, "भिंतीवर न्हाई. तुला घरात लावाया पत्र्यावर काढून देतो, बारकं." पत्रा आनलास, घासलास, पांढरा रंग दिलास. मग दौंडला गेलास. त्यो पांढरा पत्रा माझ्या घरात भिंतीला टेकून हाय. ते राह्यलं, शब्बीर. त्याचा हिशोब तुझ्याकडं हाय.

चुना धरत न्हाई हे त्यांनाबी कळलं व्हतं. म्हनून आता फ्लेक्स. आन् तुझाच. तुझ्याच तोंडानं तुझी मानसं झाकली. भिंतीच्या ह्या कडंपासनं त्या कडंपातूर कोट घालून बसलेला तू. कुनी हात लावायची सोय न्हाई, मयताचा बोर्ड. लई डोकं लावलं बघ त्यांनी. बोगद्याला एवढं डोकं लावलं असतं तर माझा ल्योक जिता असता.

तरी मी गप व्हते. म्हनलं चाळीसावा व्हऊ दे, मानसाचं नाव हाय त्याच्यावर.

गाड्या पुन्हा सुसाट. नेहमीगत सुमन एका सकाळी वलांडाया निघाली. नगरकडनं आलेला ट्रक वळनावर थांबलाच न्हाई. ती मागं सरली, हातातला डबा रस्त्यात पडला. डबा घिऊन घरी आली. चपटा झाल्याला, पत्र्यासारखा, त्यात भेंडीची भाजी चिकटल्याली. माझ्यापुढं ठिवला आन् म्हनली, "आत्या, आज सुट्टी घेते." एवढंच.

मी विळा घेतला.

डेअरीपाशी शिडी न्हवती. टपरीवाल्याचं स्टूल घेतलं. खालच्या दोऱ्या कापल्या तवर दत्ता मोटरसायकल टाकून पळत आला.

"चुलती, खाली उतर. मयताचा बोर्ड हाय. असा काढत्यात व्हय?"

"मयत कुनाचं हाय, तुझं का माझं?"

"अगं, शब्बीरचाचाचा अपमान हाय ह्यो."

"चाचा? कालपातूर रंगाऱ्या म्हनत व्हतास."

त्यो इकडं तिकडं बघाया लागला. मग हळू आवाजात म्हनला, "आईतवारी भाऊचं मोठं साहेब येनार हायेत, हायमास्ट दिव्याच्या उद्घाटनाला. तेवढं जाऊ दे. मग आमीच काढतो, देवाशप्पथ."

तवा समदं कळलं. बोगदा मागितला, दिवा दिला. आता गाडीखाली जाताना नीट दिसंल तरी. आन् साहेबाला मेलेली मानसं दिसू नयेत म्हनून तुला दोरीनं बांधून ठिवला.

मी म्हनलं, "दत्ता, स्टूल धर. मी पडले तर दुसरा फ्लेक्स लावावा लागंल."

आन् खरं सांगते, त्यानं धरलं. शिव्या देत धरलं. वरच्या दोऱ्या मला पुरत न्हवत्या, त्या सुमननं कापल्या. ती कवा मागं येऊन उभी राह्यली, मला कळलं न्हाई. फ्लेक्स खाली आला आन् बिरा दिसला, काठी मानेवर टाकून, जसा तू ठिवलास तसा. नगरकडनं येनाऱ्या एका टेंपोनं हॉर्न मारला. सुमन हासली. बिरा गेल्यापासनं मी तिला हासताना बघितलं न्हवतं.

फ्लेक्सचं काय केलं ते सांगते. तुझं तोंड कापून घेतलं, कोटासकट. बाकीचा मेंढरांच्या गोठ्यावर टाकलाय, भाऊचं तोंड खालच्या अंगाला. गोठा गळत व्हता, आता गळत न्हाई. भाऊकडनं गावाला मिळालेलं तेवढंच एक काम.

आईतवारी मांडव पडला, डेअरीच्या सामनेच. स्पीकर, खुर्च्या, पान्याच्या बाटल्या. दत्ता भिंतीकडं बघायचा न् रुमालानं तोंड पुसायचा. नवा फ्लेक्स आनला व्हता त्यांनी, गुंडाळी करून पोरं उभी व्हती. पर भिंतीपाशी आमी उभ्या व्हतो. मी बिरापुढं, सुमन माझ्याजवळ. कौसाबाईची लेक कौसाबाईपुढं. नानाची म्हातारी, नानापुढं, तिला उभं ऱ्हावत न्हाई तरी. कुनी कुनाला बोलिवलं न्हवतं. मी निघताना सुमनला म्हनलं व्हतं, मी तिथं जाऊन उभी ऱ्हाते, आन् तिनं शेजारनीला सांगितलं, एवढंच.

त्या परप्रांती पोराच्या पुढं कोनच न्हवतं. तेवढ्यात रिक्षा थांबली आन् नजमा उतरली, काळ्या बुरख्यात, दौंडवरनं. तुझ्या तोंडाचा तुकडा तिला द्यायला मी निरोप धाडला व्हता. तुकडा बघून ती म्हनली, "अब्बा कोटात बरे दिसतात की हो आक्का." मग इकडं तिकडं बघितलं, ती रिकामी जागा बघितली, आन् त्या पोराच्या सॅकमागं जाऊन उभी राह्यली. कुनी तिला सांगितलं न्हाई.

आमी समद्या भिंतीकडं तोंड करून उभ्या. साहेबांच्या गाड्या आल्या, दारं उघडल्याचा आवाज आला. नारळ फुटला. स्पीकरवर भाऊ बोलला, विकास म्हनला, माताभगिनी म्हनला. दत्ता माझ्या कानाशी आला.

"चुलती, खुर्ची टाकलीया. सावलीत बस. इकडं तोंड कर, साहेब बघत्यात."

मी डोक्यावरला पदर सारखा केला आन् भिंतीला अजून जवळ सरले.

मग बुटांचा आवाज जवळ आला. नवा आवाज, गोड. "आजी, काय अडचण आहे? माझ्याकडं बघून सांगा ना."

माझ्या नाकापुढं बिराच्या कॉलरचा टाका व्हता. इतक्या जवळनं मी त्यो कवा बघितला न्हवता. तू एकेक दोरा काढलायस रं त्याच्यात. मी टाक्याकडं बघतच म्हनलं, "बोगदा."

"हो, त्याचा पाठपुरावा चालू आहे. जरा इकडं वळा."

"बोगदा झाला की वळंन."

मागं कुजबुज झाली. खोकला. मग एक पोरगा पुढं आला, फोटो काढनारा, त्याचा काय दोष न्हाई, त्याला त्याचं काम. म्हनला, "आजी, एक मिनिट मागं बघा. चेहरा येत न्हाई तुमचा."

तुझ्याशी मी ह्याच्यावर किती भांडले, शब्बीर. पांढरा पत्रा अजून घरात हाय आन् मला माझ्या लेकाचं तोंड अजून पायजे, त्यात मी काय माघार घेत न्हाई.

पर त्या पोराला मी म्हनलं, "तोंड न्हाई मिळायचं. पाठ काढ."